लाल शेपटीचे विमान

आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात रविवारी सकाळी वंदना झाली की मुलांचा वर्ग भरतो. गणित, इंग्रजी आणि जमेल तेवढे विज्ञान आम्ही तेथे शिकवतो. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर नववीतला एक मुलगा मोबाइलवरचे चित्र घेऊन आमच्याकडे आला. त्याचे वडील रात्रपाळीचे वॉचमन आहेत. चित्र होते दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन लढाऊ विमानाचे, पी-५१ मस्टँगचे. अंग चांदीसारखे आणि शेपटी लालभडक.

"काका, हे आपण थर्माकोलचं करू. रिमोटवर उडेल का?"

आम्ही "उडेल" म्हणून मोकळे झालो. खरे तर आम्ही पडलो बी.कॉम. झालेले कारकून, आयुष्य गेले लेजरमध्ये. पण मुलांना 'नाही' म्हणायला जीभ रेटली नाही. दोन मुली आणि चार मुलगे असा गट जमला. तेवढ्यात झाडलोट आटोपून बसलेल्या एका आजींनी सर्वांना ऐकू जाईल असे विचारले, "पंचशील म्हणून उठलात, अन् लगेच बॉम्बगोळ्याचं विमान करायला बसलात व्हय रे?"

सगळे गप्प झाले. आम्हीही. प्रश्न योग्य होता आणि उत्तर आमच्यापाशी नव्हते. "आजी, विचार करून सांगतो," असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली.

विमानाचा जमाखर्च

काम सुरू झाले तसे एक लक्षात आले, की विमान म्हणजे सरळसरळ जमाखर्च आहे. पंखामुळे मिळणारी उचल ही जमा आणि वजन हा खर्च. जमेपेक्षा खर्च वाढला की विमान खाली.

खऱ्या मस्टँगच्या पंखांचा विस्तार ११.२८ मीटर. आमचे विमान ६० सेंटिमीटरचे, म्हणजे साधारण एकोणिसावा हिस्सा. लांबी एकोणीस पटीने कमी झाली, तर पंखाचे क्षेत्रफळ ३६१ पटीने आणि वजन जवळजवळ ६,९०० पटीने कमी होते. खरे विमान भरल्या वजनाने चार टनांच्या वर. त्या हिशेबाने आमचे विमान ६०० ग्रॅमचे चालायला हवे. पण तेवढे जड विमान तरंगत राहायला फार वेगाने जावे लागते आणि वेग वाढला की शिकाऊ हाताला सावरायला वेळच उरत नाही. म्हणून एवढ्या विमानाचे वजन दोन-सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास ठेवावे.

आत यंत्रे थोडीच असतात. पुढे एक छोटी मोटर आणि तिच्यावर पंखा. मोटरचा वेग कमीजास्त करणारे सर्किट. रिमोटचा संदेश पकडणारा रिसीव्हर. सर्व्हो नावाच्या नऊ-नऊ ग्रॅमच्या तीन डब्या. यांच्या इवल्या दांड्या तारेने पंखाच्या आणि शेपटीच्या पट्ट्या हलवतात. आणि एक लिथियम पॉलिमर बॅटरी. हे सारे मिळून शंभर-सव्वाशे ग्रॅम होते. उरलेल्या शंभर ग्रॅममध्ये अंग, पंख, शेपूट, डिंक आणि रंग बसवायचा.

शेपटीची आडवी पट्टी वर केली की नाक वर जाते, खाली केली की नाक खाली. पंखाच्या टोकाकडच्या दोन पट्ट्या एकमेकींच्या उलट हलल्या की विमान कुशीवर होते. उभ्या शेपटीचे सुकाणू नाक डावी-उजवीकडे वळवते. खऱ्या विमानातही नियम हाच. म्हणून कॉलेजातल्या एन.सी.सी.च्या एअर विंगमध्ये मुलांना मॉडेल विमाने करायला शिकवतात.

पहिले उड्डाण आणि एक वाक्य

दिवाळीनंतर विमान तयार झाले. मुलांनी जीव ओतून रंगवले. शेपटीला तर लाल रंगाचे तीन हात दिले. आम्ही वजन केले. २६५ ग्रॅम भरले. "चालेल," आम्हीच म्हणालो. घाई आमचीच होती.

शहराबाहेर एका मोकळ्या माळावर, मालकाला विचारून, सकाळी वारा पडलेला असताना गेलो. वॉचमनदादा रात्रपाळी करून झोप न घेता आले होते. मुलाने विमान हातातून सोडले. ते नाक वर करून सरळ आभाळाकडे निघाले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या. क्षणभर ते हवेत थबकले, एका पंखावर कलले आणि गिरकी घेत जमिनीवर आदळले. पंख मोडला, नाकाचा चुरा झाला.

मुलगा तुकडे गोळा करीत होता. मान वर न करता म्हणाला, "काका, आपल्या लोकांना नाही जमत हे."

वाचकहो, विमान मोडल्याचे आम्हाला काही वाटले नाही. या वाक्याने मात्र रात्री झोप लागली नाही. चौदा वर्षांच्या पोराला 'आपले लोक' आणि 'जमत नाही' हे दोन शब्द एकत्र कोणी शिकवले? थर्माकोल मोडला तर शंभर रुपयांत नवा येतो. हे वाक्य एकदा मनात बसले की जन्मभर निघत नाही.

त्या लाल शेपटीचा इतिहास

मग आम्ही त्या चित्रातल्या विमानाचा इतिहास शोधून वाचला आणि पुढच्या रविवारी मुलांसमोर मांडला. लाल शेपटी मुलाने केवळ रंग आवडला म्हणून निवडली होती. ती कोणाची, हे त्यालाही ठाऊक नव्हते आणि आम्हालाही.

ती विमाने अमेरिकेतल्या काळ्या वैमानिकांची होती. १९२५ साली अमेरिकन लष्कराच्या उच्च शिक्षणसंस्थेने एक अहवाल तयार केला. काळा माणूस बुद्धीने आणि धैर्याने कमी असतो, असे त्यात 'अभ्यासाअंती' ठरवले होते. म्हणजे 'यांना जमत नाही' हे चक्क सरकारी कागदावर होते!

त्याच्याही आधी बेसी कोलमन नावाची शेतमजुराची मुलगी शिकागोत नखे रंगवण्याचे काम करीत होती. तिला विमान शिकायचे होते. अमेरिकेतली एकही शाळा तिला घेईना. ती फ्रेंच शिकली, फ्रान्सला गेली आणि १९२१ मध्ये वैमानिकाचा परवाना घेऊन परतली.

बेंजामिन डेव्हिस हा तरुण १९३२ मध्ये वेस्ट पॉइंटच्या लष्करी महाविद्यालयात दाखल झाला. तेथे चार वर्षे इतर विद्यार्थी त्याच्याशी कामाशिवाय एक शब्द बोलले नाहीत. जेवायला एकटा, खोलीत एकटा. बहिष्कार म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. डेव्हिस १९३६ मध्ये पदवी घेऊनच बाहेर पडला.

१९४१ मध्ये अलाबामा राज्यात टस्कीगी येथे काळ्या तरुणांसाठी वेगळे प्रशिक्षण सुरू झाले. पहिल्या तुकडीत तेरा जण होते, मार्च १९४२ मध्ये त्यांतले पाच उत्तीर्ण झाले आणि त्या पाचांत डेव्हिस होता. १९४६ पर्यंत जवळजवळ एक हजार वैमानिक तेथे तयार झाले. १९४४ मध्ये इटलीतून उडणाऱ्या त्यांच्या ३३२ व्या गटाने आपल्या विमानांच्या शेपट्या लाल रंगवल्या. बॉम्बफेक्या विमानांना शत्रूपासून सांभाळून नेणे हे त्यांचे मुख्य काम. त्यांच्या राखणीतले एकही विमान पडले नाही, असे वर्षानुवर्षे अभिमानाने सांगितले जाई. पुढे लष्कराची कागदपत्रे तपासली तेव्हा सुमारे सत्तावीस विमाने पडल्याचे निघाले. इतर गटांची सरासरी मात्र सेहेचाळीस होती. खरा आकडाही मान ताठ करणारा आहे. त्याला दंतकथेची गरज नाही.

१९४८ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यातला वर्णभेद बंद करण्याचा आदेश काढला. १९५४ मध्ये डेव्हिस अमेरिकन हवाई दलातले पहिले काळे जनरल झाले. २००७ मध्ये टस्कीगीच्या वैमानिकांना अमेरिकन संसदेचे सुवर्णपदक मिळाले.

आता तारीख पाहा. टस्कीगी सुरू झाले १९४१ मध्ये. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. आपल्या माणसांची भरती इंग्रजांनी १८९० च्या दशकात बंद केली होती. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा पलटण उभारली आणि गरज सरल्यावर मोडली. पुन्हा दार उघडावे म्हणून बाबासाहेब झगडले. १९४६ मध्ये त्यांनी काळ्यांचे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले आणि काळ्या जनतेने संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. समुद्रापलीकडचे हे नाते आम्ही आज जोडत नाही. ते बाबासाहेबांनीच जोडलेले आहे.

ऐकता ऐकता तो मुलगा एवढेच म्हणाला, "म्हणजे पाचच पास झाले आधी?"

आजींच्या प्रश्नाचे उत्तर

आजींचा प्रश्न पोकळ नव्हता. अमेरिकेत १९३७ मध्ये गुड नावाच्या दोन भावांनी रेडिओवर चालणारे मॉडेल विमान उडवले, तो छंद होता. पण रेजिनाल्ड डेनी या नटाने छंदाच्या दुकानातून सुरुवात करून सैन्यासाठी नेमबाजीच्या सरावाची हजारो विमाने बनवली. १९४५ मध्ये त्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका कामगार मुलीचा फोटो निघाला. तीच पुढे मेरिलिन मन्रो म्हणून जगाला माहीत झाली. आज ड्रोन कशासाठी वापरतात हे आपण रोज बातम्यांत पाहतो. खेळणे आणि हत्यार यांत अंतर थोडेच असते.

आम्ही आजींना सांगितले, "बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. शस्त्रांचा व्यापार मात्र भगवंतांनी निषिद्धच मानला. आपण विमान करू, पण बंदूक-बॉम्ब लावणार नाही. आणि विमानासोबत त्या वैमानिकांची आणि त्या युद्धात मेलेल्या माणसांची माहिती लिहून लावू." आजी थोडा वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "लिहा. पण पोरांना पाठ झालं पाहिजे."

दुसरे उड्डाण

पहिले विमान का पडले? कारण तीन हात लाल रंग! शेपूट तोलाच्या जागेपासून तीस सेंटिमीटर मागे आणि नाक दहा सेंटिमीटर पुढे. लहान मुलांचा सी-सॉ आठवा. शेपटीवर एक ग्रॅम वाढला तर नाकाला तीन ग्रॅम लावावे लागतात. शेपूट जड झाली म्हणून नाक वर गेले, वेग मेला आणि विमान पडले. 'आपल्या लोकांचा' येथे काही संबंध नव्हता.

दुसऱ्या विमानाला मुलींनी रंगाऐवजी पतंगाचा लाल कागद लावला. बॅटरी पुढे सरकवली. वजन भरले २२८ ग्रॅम. उडवणारी मुलगी दहावीतली, तिची आई चार घरची धुणीभांडी करते. तिने दोन महिने कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरवर सराव केला होता. विमान चार मिनिटे उडाले आणि गवतात पोटावर उतरले. पंख्याचे एक पाते तुटले, बाकी सारे शाबूत. वॉचमनदादा या खेपेलाही झोप सोडून आले होते. काही बोलले नाहीत, मुलाच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

तुम्हाला करायचे असेल तर

सुरुवात लढाऊ विमानाने करू नका. ती आमची चूक. आधी पंख वर असलेले, सावकाश उडणारे साधे विमान करा.

पंखाची रुंदी दहा सेंटिमीटर असेल तर तोल पुढच्या कडेपासून अडीच ते तीन सेंटिमीटरवर यावा. दोन बोटांवर उचलून पाहा.

स्प्रेचा रंग आणि रबर सोल्युशन थर्माकोल खाऊन टाकतात. फेव्हिकॉल चालतो.

विमान तुमच्याकडे येत असले की डावे-उजवे उलटे वाटते. अशा वेळी जो पंख खाली झुकला असेल त्याच बाजूला रिमोटची दांडी ढकला, म्हणजे विमान सरळ होते.

रिमोट आधी चालू करा आणि शेवटी बंद करा. बॅटरी जोडताना पंख्यासमोर हात किंवा तोंड नको. लिथियम बॅटरी चार्जिंगला लावून झोपू नका. फुगलेली बॅटरी वापरू नका, आग लागते.

२०२१ च्या ड्रोन नियमांनुसार आकाशाचे लाल, पिवळे आणि हिरवे भाग केलेले आहेत. सरकारी नकाशा पाहा, विमानतळ आणि लष्करी जागेजवळ जाऊ नका आणि पोलीस ठाण्यात विचारून घ्या. माणसांच्या डोक्यावरून कधीही उडवू नका.

खर्च काही हजारांत जातो, एका कुटुंबाला तो जड आहे. पण एका रिमोटवर अनेक विमाने आळीपाळीने चालतात. विहाराने एक रिमोट आणि एक चार्जर घ्यावा. जयंतीच्या वर्गणीतून डीजेला जाणारी रक्कम थोडी कमी केली तर एवढे सहज होते. आमच्या वस्तीत या वर्षी तसे ठरले आहे.

ते लाल शेपटीचे विमान आता विहाराच्या वाचनालयात टांगले आहे. खाली मुलांनी लिहिलेली माहिती आहे. नवीन कोणी आले की आजी मुलांना हाक मारतात आणि म्हणतात, "पाव्हण्यांना सांगा रे, हे कुणाचं विमान ते." आणि पोरे घडाघडा सांगतात.

जयभीम!