गादीखालचा पहारेकरी

रायपूरहून, आमच्या गुढियारीतून, पुन्हा तुमच्याशी बोलतोय. आजचा विषय आहे रुग्णाचा श्वास आणि नाडी स्वतःच मोजणारी आणि बिनतारी कळवणारी रुग्णालयातली खाट.

आधी एक अनुभव सांगतो. माझी थोरली बहीण खुब्याच्या ऑपरेशननंतर एका रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात होती. तिसऱ्या रात्री मी उशाशी बसलो होतो. ताई बोलता बोलता मध्येच थांबत होती. पायाशी लटकवलेला तक्ता पाहिला. दर चार तासांच्या नोंदीत श्वास 18, 18, 18. मी घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजले, 28 भरले. सिस्टरला सांगितलं, डॉक्टर आले, एक्स-रे काढला, तर न्यूमोनिया. ताई बरी होऊन घरी आली. सिस्टरला मी दोष देत नाही. ती एकटी आणि वॉर्ड भरलेला. पण चार तासांत एकदा डोकावणं म्हणजे पहारा नव्हे.

हा आकडा एवढा महत्त्वाचा का? लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2012 मध्ये धोका ओळखण्याची एक गुणपद्धत दिली. तिच्यात मिनिटाला 12 ते 20 श्वासांना शून्य गुण, 21 ते 24 ला दोन आणि 25 किंवा त्याहून जास्त झाले की तीन. एकाच मापाला तीन गुण मिळाले तरी रुग्णाला तातडीने पाहायचं.

आता खाटेकडे येऊ. रायफल झाडली की खांद्याला धक्का बसतो, हे फौजीला सांगावं लागत नाही. हृदयही प्रत्येक ठोक्याला साधारण 70 मिलिलिटर रक्त पुढे फेकतं आणि शरीराला उलटा, अगदी बारीक धक्का बसतो. फिलाडेल्फियाच्या डॉ. आयझॅक स्टार यांनी 1939 मध्ये रुग्णाला हलणाऱ्या टेबलावर झोपवून हे धक्के नोंदवले होते. आज त्या टेबलाऐवजी गादीखाली एक पातळ पट्टी असते. दाब पडला की वीज निर्माण करणारे पदार्थ तिच्यात असतात. श्वासाची लाट संथ, तीन ते पाच सेकंदांना एक. ठोका जलद, सेकंदाला एक किंवा थोडा जास्त. वेगातल्या या फरकावरून यंत्र दोन्ही वेगळे काढतं. अंगाला एकही तार नाही.

पुढे हे आकडे वाय-फायवरून सिस्टरच्या टेबलावरच्या पडद्यावर किंवा डॉक्टरांच्या मोबाइलवर जातात. आपल्याकडे मुदित दंडवते आणि गौरव पारचानी यांनी 2015 मध्ये बंगळुरूत सुरू केलेल्या डोझीच्या पट्ट्या याच तत्त्वावर चालतात. कोविडच्या काळात त्या सरकारी रुग्णालयांतही पोहोचल्या.

आता मर्यादा. रुग्ण कूस बदलत असेल तर माप चुकतं. आपल्याकडे नातेवाईक खाटेवरच बसतात, मग पट्टीला दोघांचे धक्के लागतात. गादीखालची पट्टी रक्तातला ऑक्सिजन मोजत नाही, त्यासाठी बोटाची क्लिप लागतेच. वीज गेली, वाय-फाय बंद पडलं, तर निरोप अडकतो. आणि खोटे इशारे फार वाजले की माणसं आवाजच बंद करून टाकतात. हा धोका सगळ्यात मोठा.

फौजेत संदेश पाठवला म्हणजे काम संपत नाही. समोरून पोच आली की संपतं. म्हणून अशी खाट दिसली तर तीन प्रश्न विचारा. रात्री इशारा नेमका कोणाकडे जातो? त्याने पाहिला नाही तर पुढे कोणाकडे जातो? वीज गेल्यावर यंत्र किती वेळ चालतं?

आणि अशी खाट नसेल तर घड्याळ आहेच. रुग्ण शांत पडला असताना, त्याला न सांगता, छातीची वरखाली पूर्ण मिनिटभर मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. आकडा 20 च्या वर गेला तर पुन्हा मोजा, 25 झाला तर उठा आणि सिस्टरला बोलवा. संकोच करू नका. त्या रात्री मी क्षणभर केला होता.

जय हिंद.