कोंबड्याची आई कोणती?

परसात चारदोन गावरान कोंबड्या पाळणाऱ्या आपल्या सभासदांच्या घरी एक तक्रार हमखास ऐकू येते. पूर्वीच्या कोंबड्या आता राहिल्या नाहीत! पूर्वी कोंबडी चौदा-पंधरा अंडी घालून खुडूक बसे आणि दहाबारा पिल्ले घेऊन अंगणात हिंडे. हल्ली दहावर थांबते, आणि बसविलेल्यांपैकीही निम्मी अंडी फुकट जातात. दोष काळाला दिला जातो, हवेला दिला जातो. आमच्या मते बराचसा दोष आपल्याच सुरीचा आहे.

पाहुणे आले, ईद आली, जत्रा आली, की खुराड्यातला सर्वांत भारी कोंबडा प्रथम कापला जातो. व्यापारी दारात आला की तोही अंगाने भरलेल्या तलंगाच उचलतो. मागे राहतो तो कोणी न घेतलेला किरटा कोंबडा, आणि पुढच्या पिल्लांचा बाप तोच होतो. दहा वर्षे असे चालले म्हणजे कळप उतरला याचे नवल कसले?

आमच्या घरी हेच झाले. अम्मांची एक काळी शेंडीवाली कोंबडी होती. सापाला न भिणारी, पिल्लांवर घार झेपावली तर अंगावर धावून जाणारी. तिचे सारे नर आम्ही एकामागून एक खाऊन टाकले. मग कळप सुधारावा म्हणून बाजारातून एक मोठा तांबडा संकरित कोंबडा आणला. अम्मा एवढेच म्हणाल्या, “ह्याची आई कुणी बघितली आहे का?” आम्ही हसलो. त्याच्या मुली अंगाने मोठ्या झाल्या, अंडीही बरी देत. परंतु एकही धड खुडूक बसेना. त्यांची पिल्ले तर एकासारखी दुसरी नव्हती. उबवणी यंत्र घरी नाही आणि उबवणारी कोंबडीही नाही, अशी आमची गत झाली.

संकरित जाती वाईट असे आम्ही म्हणत नाही. बंगळूरची गिरिराजा किंवा हैदराबादची वनराजा ही परसातल्या पालनासाठीच तयार केलेली आहेत आणि अनेक घरांना त्यांचा लाभ झाला आहे. परंतु त्यांची पिल्ले दर खेपेस केंद्रातून नवी आणावयाची असतात. त्यांच्यापासून घरी पैदास केल्यास पुढच्या पिढीत गुण विखुरतात. ज्यांना घरच्या कोंबडीखालीच पिल्ले काढावयाची आहेत, त्यांनी गावरान कळपातच निवड करावी.

वर्गात आनुवंशिकतेसाठी आम्ही वाटाण्याचे उदाहरण देतो, पण कोंबडीचेही तितकेच जुने आहे. १९०२ साली विल्यम बेटसन यांनी कोंबड्यांच्या तुऱ्यांवरून मेंडेलचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात हे दाखविले. अंड्यांची संख्या मात्र तुऱ्याइतकी सरळ उतरत नाही. ती पुष्कळ गुणांच्या मेळावर आणि दाणापाणी, ऋतू, आजार यांवरही ठरते. म्हणून एका खेपेवरून कोंबडी पारखू नये. निदान दोन-तीन खेपा पाहाव्यात. अंगाचे वजन त्यामानाने लवकर उतरते, आणि म्हणूनच आपण नुसत्या वजनाला भुलतो.

आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. प्रत्येक पिल्लाचा अर्धा वाटा बापाचा. म्हणजे निम्मे खुराडे त्या एकट्याचे. तो स्वतः अंडे घालीत नाही, परंतु आईकडून आलेला अंड्यांचा गुण मुलींना देतो. यास्तव तुरा आणि पिसारा पाहण्याआधी त्याची आई पाहावी. तिने किती अंडी घातली, किती उबविली, किती पिल्ले जगविली, आणि मानमोडीच्या साथीत ती टिकली काय? (लस टोचावीच, निवड हा लसीला पर्याय नव्हे.) मग कोंबडा पाहावा. पाय सरळ, छाती रुंद, डोळा तेजस्वी, आणि माणसांच्या अंगावर धावून येणारा नसावा. लहान मुलांच्या घरी हा शेवटचा गुण आम्ही पहिला मानतो.

अंड्यावर असलेल्या कोंबडीच्या गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंच्या टोकदार हाडांमध्ये दोन-तीन बोटे सहज मावतात, आणि तुरा लाल व मऊ असतो. बंद पडलेल्या कोंबडीची हाडे जवळ आलेली असतात. चांगल्या कोंबडीच्या पायात रंगीत दोरा बांधावा, म्हणजे पाहुणे आले तरी हात तिच्याकडे जात नाही.

तोच कोंबडा वर्षानुवर्षे ठेवला तर तो स्वतःच्या मुलींनाच फळवितो. अंडी कमी उबतात, पिल्ले अशक्त निघतात. दरवर्षी दूरच्या वस्तीतल्या ओळखीच्या घराशी कोंबड्याची अदलाबदल करणे हा स्वस्त उपाय आहे. मात्र जुना कोंबडा काढल्यावर तीन आठवडे थांबावे, कारण त्याचे बीज कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे टिकते आणि तोवरची पिल्ले त्याचीही असू शकतात.

आमची काळी कोंबडी गेली, पण तिची एक नात शेजारच्या घरी विकली होती. गेल्या उन्हाळ्यात तिची बारा अंडी मागून आणली, सात दिवसांच्या आतली, न धुतलेली. सातव्या रात्री विजेरीपुढे धरून पाहिली. दोन रिकामी निघाली, ती काढली. एकविसाव्या दिवशी नऊ पिल्ले बाहेर आली. त्यांतले चार नर आहेत, आणि दोघांच्या पायात अम्मांनी आताच दोरा बांधून टाकला आहे.