वाडीतील पावसाच्या पाण्याचा निचरा

केळवे-माहीमची वाडीजमीन सखल आहे. मुसळधार पाऊस व उधाणाची भरती एकाच वेळी आली म्हणजे ओहोळांचे पाणी खाडीत उतरत नाही. ओहोटी लागेपर्यंत ते कोठे थांबावे, हाच खरा प्रश्न होय.

पूर्वी ते वाडीच्या मोकळ्या मातीत व चरांत थांबे. आता भराव व फरसबंदी वाढली आहे. एका गुंठ्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडल्यास सुमारे १०,००० लिटर पाणी होते. फरशीवरून ते बहुतेक सारे शेजारच्या वाडीत जाते. तेथे पानवेलीच्या मुळांशी पाणी साचून मूळकूज लागते. नुकसान मात्र भराव करणाऱ्याचे होत नाही!

शोषखड्ड्याची शिफारस सर्वत्र केली जाते. परंतु ऐन पावसाळ्यात येथे भूजल वर आलेले असते व खड्डा आधीच भरतो. त्यापेक्षा छपराचे पाणी उथळ चराने तळ्यात न्यावे व अंगण फरशीविना ठेवावे. भराव करण्यापूर्वी जुना ओहोळ कोठून वाहतो ते पावसातच पाहून ठेवावे व तो बुजवू नये. खाडीच्या बांधास उघाडी असल्यास तिची झडप भरतीला घट्ट बसते व ओहोटीला मोकळी होते की नाही, हे ग्रामपंचायतीने मृगापूर्वी तपासून घ्यावे.