जुन्या झिलमिलीच्या झडपा

झिलमिल: खिडकीच्या झडपेत तिरक्या बसवलेल्या आडव्या लाकडी पट्ट्या. वारा आत येतो, ऊन अडतं.

प्रकार: पक्क्या पट्ट्या खाचेत घट्ट बसवलेल्या. हलत्या पट्ट्या टोकांच्या खुंट्यांवर फिरतात, बारीक तारेच्या कड्यांनी उभ्या दांडीला जोडलेल्या. गंजतात त्या या कड्या.

नवे उपयोग: चपलांच्या, कपड्यांच्या कपाटाची दारं. कोकणातल्या खांब-रोह्याच्या दमट पावसाळ्यात पट्ट्यांमधून खेळती हवा मोलाची. तीन झडपा बिजागऱ्यांनी जोडल्या की आडोसा तयार.

घेताना: जुना माल मुंबईच्या चोर बाजारात मिळतो. लाकडातून पिठासारखी भुकटी गळत असेल तर कीड असू शकते.

रंग: घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या रंगात जास्त शिसं असू शकतं, म्हणून जुना रंग कोरडा घासू नये. पाणी लावून पॉलिशपेपर चालवावा, लहान मुलांना लांब ठेवावं.