पेट्रोलचे कारंजे आणि एक साधा नियम

जयपूरजवळच्या सीतापुरा औद्योगिक वसाहतीत २९ ऑक्टोबर २००९ च्या संध्याकाळी पेट्रोलचा उग्र वास सुटला. इंडियन ऑइलच्या डेपोतून नळावाटे शेजारच्या डेपोला पेट्रोल द्यायची तयारी चालू होती. टाकीजवळचा ‘हॅमर ब्लाइंड’ नावाचा व्हॉल्व्ह फिरवताना पेट्रोल कारंज्यासारखे उसळले. वाफेने कर्मचारी गुदमरले. मदतीला धावलेल्यांचीही तीच गत झाली. सव्वा तासात सुमारे हजार टन पेट्रोल वाहून गेले. कुठेतरी ठिणगी पडली आणि स्फोट झाला. अकरा जण दगावले. टाक्या कित्येक दिवस जळत राहिल्या.

नियम खरे तर अगदी साधा. हॅमर ब्लाइंड फिरवताना त्याचे तोंड काही वेळ उघडे राहते, म्हणून टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह आधी बंद हवा. पण कागदावरच्या नियमाला डोळे नसतात!

ते डोळे देण्याचे काम आता संगणक करू शकतो. ‘ब्लाइंड उघडा असेल त्या प्रत्येक क्षणी मुख्य व्हॉल्व्ह बंदच हवा’, ‘वाफ आढळल्यापासून ठरलेल्या सेकंदांत व्हॉल्व्ह मिटलाच पाहिजे’ अशी वाक्ये गणिताच्या भाषेत लिहिली जातात. ‘नेहमी’, ‘तोपर्यंत’ या घरगुती शब्दांना काटेकोर अर्थ देणारे तर्कशास्त्र इस्रायलच्या अमीर प्नुएली यांनी १९७७ मध्ये संगणकशास्त्रात आणले; १९९६ मध्ये त्यांना ट्युरिंग पारितोषिक मिळाले. पहारेकरी संगणकाला पेट्रोलातले काही कळत नाही. तो क्षणोक्षणी मापकांचे आकडे घेतो आणि नियम पाळला जातो का, एवढेच पाहतो. मोडला की घंटा, किंवा थेट पंप बंद.

पण मापकच खोटे बोलला तर? इंग्लंडमध्ये बन्सफील्ड येथे ११ डिसेंबर २००५ च्या पहाटे नेमके तेच झाले. टाकी भरत होती, काटा मात्र अडकलेला. जादा भरणे रोखणारा स्वतंत्र स्विचही चालला नाही आणि टाकी ओसंडली. रविवारची पहाट, म्हणून प्राणहानी टळली. ‘पेट्रोल आत येते आहे, तर पातळी चढलीच पाहिजे’ हाही एक नियमच. तो तपासणारे कोणी असते तर अडकलेला काटा लगेच उघडा पडला असता.

जयपूरच्या दुर्घटनेची चौकशी एम. बी. लाल समितीने केली. वाफ ओळखणारी यंत्रे आणि दुरून मिटणारे व्हॉल्व्ह बसवा, असे तिने सुचवले. सीतापुऱ्यात मुख्य व्हॉल्व्ह नियंत्रण कक्षातून बंद करण्याची सोय मुळात होती. त्या संध्याकाळी ती चालू नव्हती.