‘महिना बसणे’ : एक संज्ञा आणि तिच्यामागील शरीरविचार



एखादी संज्ञा समजून घ्यायची, तर तिच्यामागील विचारव्यवस्थाही समजून घ्यावी लागते. चिनी भाषेतील ‘त्सुओ युएत्स’ ही संज्ञा याचे चांगले उदाहरण आहे. ‘त्सुओ’ म्हणजे बसणे आणि ‘युएत्स’ म्हणजे महिना. प्रसूतीनंतर सुमारे ३० दिवस बाळंतिणीने घरात राहून विश्रांती घ्यावी, हा तिचा रूढ अर्थ होय.

हे ‘बसणे’ कशासाठी? पारंपरिक चिनी वैद्यकानुसार शरीराचे व्यापार ‘छी’ म्हणजे प्राणशक्ती आणि ‘श्वे’ म्हणजे रक्त यांवर चालतात. प्रसूतीत दोहोंचा क्षय होतो, शरीर थंड पडते आणि बाहेरचा वारा व गारवा सांध्यांत शिरतो, अशी धारणा आहे. म्हणून आले, तांबडी साखर, तिळाचे तेल, कोंबडीचे सूप असा उष्ण आहार देतात. थंड पाणी आणि केस धुणे वर्ज्य मानतात. सतराव्या शतकातील वैद्य फू छिंगचू यांच्या नावाशी जोडलेला ‘शंग ह्वा थांग’ हा काढा आजही प्रचारात आहे. त्याचे प्रयोजन नावातच आहे : ‘शंग’ म्हणजे निर्माण करणे, ‘ह्वा’ म्हणजे रूपांतर करणे. नवे रक्त निर्माण व्हावे आणि गर्भाशयात साकळलेले जुने रक्त निघून जावे, हा त्यामागील हेतू.

येथे आपल्याला मराठी घरातील बाळंतिणीचा सव्वा महिना, तिचे बांधलेले कान आणि डिंकाचे लाडू आठवतील. हे साम्य खरे आहे. पण तेवढ्यावर थांबू नका. गारव्याची धास्ती दोन्हीकडे असली, तरी आपल्याकडे बाळंतिणीला तेल लावून कढत पाण्याने न्हाऊ घालतात, तर चिनी परंपरेत न्हाण्यालाच मनाई असते. आपल्याकडे तेल व ऊन पाणी वाताचे शमन करतात असे मानले जाते. तिकडे ओल्या अंगातून गारवा शिरेल अशी चिंता असते. भीती एकच, पण उपाय परस्परविरुद्ध.

प्रथेचे मूल्यमापनही दोन्ही अंगांनी करावे. ऐन उन्हाळ्यात बंद खोलीत, अंगावर पांघरूण घेऊन राहिल्याने बाळंतिणी उष्माघाताने दगावल्याच्या घटना चीनमध्ये घडल्या आहेत. त्याच वेळी, एरवी विसावा न मिळणाऱ्या सुनेला महिनाभर कामातून सोडवणारी हीच प्रथा आहे, हेही विसरता येत नाही.

स्वाध्याय : आपल्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रीशी बोलून बाळंतपणाशी संबंधित पाच शब्द मिळवा व प्रत्येकामागील शरीरविषयक कल्पना लिहा.