हळदीवर उमटलेला फोटो, कॉफीत धुतलेली फिल्म

पांढऱ्या सदऱ्यावरचा हळदीचा डाग उन्हात वाळत घातला की उडतो, हे घराघरांत माहीत आहे. याच गुणावर चक्क फोटो निघतो! हळद सर्जिकल स्पिरिटमध्ये कालवायची (गॅसपासून लांब), गाळायची आणि उन्हाची तिरीप येणार नाही अशा खोलीत जाड कागदावर ब्रशने फासायची. कागद वाळला की वर एखादं नक्षीदार पान, त्यावर काच, की निघाली स्वारी गच्चीत. काही तासांत उघडी हळद फिकी पडते, पानाखालची पिवळीधमक राहते. खरी गंमत पुढे आहे. हाच कागद धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवला की पिवळ्याचं तांबूस होतं. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, तीच ही किमया. हे चित्र उजेडात हळूहळू विरतं, म्हणून ते वहीत मिटून ठेवायचं. वनस्पतींच्या रसांवर चित्रं उमटवण्याचे आपले प्रयोग जॉन हर्शेल यांनी इंग्लंडमध्ये १८४२ सालीच मांडले होते.

आपल्याकडचा सगळ्यांत लाघवी प्रयोग मात्र दादासाहेब फाळक्यांचा. १९१२ मध्ये ते लंडनहून परतले, विल्यमसन कॅमेरा आला, पण सिनेमाला पैसा लावणार कोण? दादासाहेबांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराहून जास्त काळ थोडं थोडं चित्रण करत राहिले. इवल्याशा फिल्मवर बी रुजून वेल झाली, ती बघून भांडवल मिळालं आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. एका रोपासमोर इतके दिवस टिकून राहण्याची त्यांची चिकाटी मला आजही थक्क करते.

हा प्रयोग आज भिजवलेल्या मटकीवर करता येतो. मोबाइल स्टँडवर पक्का बसवा, दिवा हलवू नका आणि दर दहा मिनिटांनी एक फोटो घ्या. चोवीस तासांचे १४४ फोटो होतात. सेकंदाला २४ या वेगाने लावले की मटकीला सहा सेकंदांत मोड!

याहून धीराचं काम ब्रिटनमधल्या हर्टफर्डशर विद्यापीठाच्या वेधशाळेत झालं. बिअरच्या रिकाम्या कॅनला बारीक भोक, आत फोटोचा कागद. २०१२ मध्ये दुर्बिणीच्या घुमटावर बसवलेला हा डबा २०२० मध्ये उतरवला, तेव्हा आठ वर्षं आणि एका महिन्याचा सूर्यप्रवास एकाच फोटोत उमटला होता. प्रत्येक दिवसाची एक कमान, अशा २,९५३ कमानी.

फिल्मवाल्यांसाठी कॉफी आहेच. इन्स्टंट कॉफी, धुण्याचा सोडा आणि व्हिटॅमिन सी यांच्या पाण्यात कृष्णधवल फिल्म डेव्हलप होते. काम कॅफिनचं नाही, कॉफीतल्या आम्लांचं. वास मात्र भयंकर, खिडकी उघडी ठेवा.

आणि काहीच कालवायचं नसेल, तर भर उजेडात फिरत्या पंख्याचा व्हिडिओ घ्या. बहुतेक मोबाइलचा सेन्सर चित्र एका दमात टिपत नाही, ओळीओळीने वाचतो. तेवढ्यात पाती पुढे सरकतात आणि कोयत्यासारखी वाकडी दिसतात. चोकवाली जुनी ट्यूबलाइट स्लो मोशनमध्ये बघाल तर ती लुकलुकताना पकडली जाईल: आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला १०० वेळा.